‘केडा मर्चंट’चे धनी

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात सतराव्या शतकातील समुद्री चाचेगिरीवर एक व्याख्यान झाले. व्याख्याते व्यासंगी होते, वाणी रसाळ होती, आणि कप्तान विल्यम किड या इंग्रज नाविकावर झालेल्या अन्यायाची कथा त्यांनी इतक्या तळमळीने सांगितली की, सभागृहातील बहुतेक मंडळी त्या दुर्दैवी माणसाविषयीची कणव मनात घेऊन घरी गेली. मलाही ती वाटली आणि अजूनही वाटते. परंतु व्याख्यानाच्या अखेरीस जो निष्कर्ष त्यांनी निःशंकपणे मांडला, म्हणजे ‘केडा मर्चंट’ हे जहाज फ्रेंच परवान्याखाली चालत होते, सबब ते कायदेशीर लूट होते, सबब किड निर्दोष होता आणि त्याच्याविरुद्धचा सारा पुरावा विकत घेतलेल्या साक्षीदारांचा होता, तो निष्कर्ष मला मान्य नाही. आणि तो का मान्य नाही हे सविस्तर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण माझ्या हयातीतली एकतीस वर्षे उपनगरातल्या फौजदारी न्यायालयात साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेण्यात गेली आहेत, आणि साक्ष म्हणजे काय, ती कोणाची घ्यायची व कोणाची घेतली गेली नाही, या प्रश्नाविषयी मला तटस्थ राहता येत नाही.

प्रथम हकीकत. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याची सनद घेऊन किड चौतीस तोफांच्या ‘अॅडव्हेंचर गॅली’वर निघाला होता. फ्रान्सशी युद्ध चालू होते. तेव्हा फ्रेंच जहाजे धरावी आणि समुद्रावरील चाच्यांचा बंदोबस्त करावा, एवढाच त्याला अधिकार. ३० जानेवारी १६९८ रोजी, बंगालहून सुरतेकडे परतणारे चारशे टनांच्या आसपासचे ‘केडा मर्चंट’ हे जहाज त्याने कोचीनच्या बाजूच्या समुद्रात धरले. जहाज सुरतेचे, ते भाड्याने घेतले होते आर्मेनियन सौदागरांनी, सुकाणूवर राइट नावाचा इंग्रज कप्तान, तोफांवर एक फ्रेंच गोलंदाज, आणि मालात मोगल दरबारातील उमराव मुखलिस खान याचा वाटा. सतराव्या शतकातील पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी जहाज हे असेच असे. एका लाकडी सांगाड्यात चार मुलखांची माणसे, तीन धर्मांचे पैसे आणि एका पेढीचा भरवसा एकत्र नांदत. पुढे किडला बोस्टनमध्ये अटक झाली, लंडनला नेण्यात आले, ८ आणि ९ मे १७०१ रोजी ओल्ड बेलीच्या न्यायालयात त्याच्यावर खटले चालले, आणि २३ मे रोजी टेम्स नदीच्या काठी त्याला फाशी दिले गेले. पहिल्या खेपेस दोर तुटला म्हणून दुसऱ्यांदा चढवण्यात आले.

त्या खटल्यात अन्याय झाला, याबद्दल वाद नाही. जहाजाकडून मिळालेला फ्रेंच परवाना किडने आधीच सरकारच्या स्वाधीन केला होता. तो पार्लमेंटापुढे गेला, परंतु ऐन खटल्याच्या वेळी, वारंवार मागूनही, किडच्या हाती पडला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात तो एका संशोधकास मिळाला. ज्या कागदावर आरोपीचा सारा बचाव उभा आहे तो कागद सरकारी दप्तरात असताना आरोपीस मिळू नये, ही गोष्ट कोणत्याही न्यायासनाला काळिमा लावणारी आहे. किडच्या मागे द्रव्य लावणाऱ्या बड्या लॉर्डांना तो नकोसा झाला होता, हेही खरे. परंतु व्याख्यात्यांनी येथून जी उडी घेतली ती मला अमान्य आहे. खटला अन्यायाचा होता एवढ्यावरून जहाज फ्रेंच होते असे कसे ठरते? एखाद्या चोरीच्या खटल्यात पोलिसांनी पंचनामा दडवला तर आरोपी सुटावा, हे मी मानतो. पण तेवढ्याने चोरीस गेलेली वस्तू आरोपीच्या मालकीची होत नाही. मुद्देमाल कोणाचा हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तीनशे वर्षे तो शिल्लक राहिला आहे.

आता त्या परवान्याचा विचार करू. परवाना, दस्तक, कौल, पोर्तुगीजांचे कार्ताझ, नावे निरनिराळी, व्यवहार एकच. ज्याच्या तोफा समुद्रावर जबर त्याच्याकडून व्यापाऱ्याने पैसे मोजून घेतलेली ती एक अभयाची चिठ्ठी. आपण ज्या भूमीवर राहतो ती साष्टी, म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड, सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि या किनाऱ्याने कार्ताझाचा जाच शतकाहून अधिक काळ सोसला. प्रत्यक्ष अकबर बादशहाची जहाजेसुद्धा मक्केच्या वाटेवर पोर्तुगीजांचे कार्ताझ घेऊन जात. मग ती जहाजे पोर्तुगालच्या राजाची झाली काय? १६१३ साली जहांगीरच्या मातोश्री मरियम-उझ-झमानी यांचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज, पोर्तुगीज कार्ताझ जवळ असतानाही, पोर्तुगीजांनीच सुरतेजवळ धरून नेले. त्यावरून जहांगीर खवळला, दमणला वेढा पडला, आग्र्याचे जेझुइटांचे देवालय बंद झाले. परंतु परवाना पोर्तुगीज म्हणून जहाज पोर्तुगीज, असा युक्तिवाद त्या भांडणात कोणी केला नाही. तो केला असता तर भर दरबारात वेडगळ ठरला असता. परवाना हा भयाचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. हिंदी समुद्रात इंग्रज, फ्रेंच आणि वलंदेज एकमेकांवर तुटून पडत असताना सुरतेचा सौदागर शक्य तितक्या झेंड्यांचे परवाने पेटीत बाळगी, आणि समोर जो झेंडा दिसेल त्याला साजेसा कागद पुढे करी. ‘केडा मर्चंट’वर नेमके हेच घडले. किडने पाठलाग करताना फ्रेंच निशाण चढवले होते. ते पाहून जहाजावरच्यांनी फ्रेंच परवाना काढला आणि कप्तान म्हणून आपल्या फ्रेंच गोलंदाजाला पुढे पाठवले. किडने इंग्रज निशाण लावले असते तर इंग्रज कप्तान राइट स्वतः वर आला नसता काय?

वेसाव्याच्या बंदरावर पहाटे मासळी उतरते तेव्हा तेथे जाण्याची मला जुनी सवय आहे. होडीच्या नाळेवर ठळक अक्षरांत सरकारी क्रमांक रंगवलेला असतो; टोपलीवाल्या बाया कंबरभर पाण्यात उभ्या राहून भाव ठरवत असतात. व्याख्यानानंतरच्या रविवारी मी एका वृद्ध नाखव्याला विचारले, “हा नंबर सरकारी, मग मासळी कोणाची?” त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि म्हणाला, “नंबर सरकारचा, होडी माझी, जाळी भावाची, आणि मासळीत खलाशांचा वाटा.” सुरतेच्या कोणत्याही नाखुद्याने ‘केडा मर्चंट’विषयी किडला हेच उत्तर दिले असते, किडने फक्त ते ऐकून घ्यायला हवे होते.

यावर व्याख्याते म्हणतील, हे तुमचे अनुमान झाले. ठीक आहे, अनुमान बाजूला ठेवू आणि खुद्द किडची जबानी घेऊ. जुलै १६९९ मध्ये बोस्टनला त्याने आपली जी हकीकत लिहून दिली, तीत हे जहाज सुरतेचे, बंगालहून येणारे व्यापारी जहाज असल्याचे त्यानेच नमूद केले आहे. आणि त्याच्यापुढे कप्तान म्हणून जो मनुष्य आला तो वस्तुतः जहाजाचा गोलंदाज असून सुरतेचा रहिवासी आणि तेथील फ्रेंच कोठीशी संबंधित होता, हेही त्यानेच सांगितले आहे. फ्रेंच माणूस होता, फ्रेंच कागद होता, परंतु जहाज सुरतेचे. आरोपीच्या स्वतःच्या तोंडचे हे शब्द बाजूला सारून त्याचे कैवारी त्याच्या वतीने त्याहून अधिक दावा कसा करू शकतात, हे मला समजत नाही.

विकत घेतलेल्या साक्षीदारांचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि तेथे मी थोडा अधिक थांबणार आहे. सरकारपक्षाचा भार दोघांवर होता. एक किडच्या जहाजावरील शल्यवैद्य रॉबर्ट ब्रॅडिनहॅम, दुसरा खलाशी जोसेफ पामर. दोघेही लुटीत सामील, दोघेही माफीचे साक्षीदार, दोघेही स्वतःची मान सोडवण्यासाठी धन्याची मान देणारे. अशा साक्षीवर आमच्या न्यायालयात कोणी डोळे मिटून विसंबत नसे. १८७२ च्या पुरावा कायद्यानेच शिकवले होते की, गुन्ह्यातील साथीदाराची साक्ष महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र पुष्टी मिळाल्याखेरीज विश्वासार्ह धरू नये. तेव्हा प्रश्न असा उरतो की, ब्रॅडिनहॅम आणि पामर यांच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी मिळते की नाही. व्याख्यात्यांनी ती नाही असे गृहीत धरले. ती आहे, आणि तिचा एक भाग मुंबईत उतरवून घेतलेला आहे.

बेंजामिन फ्रँक्स नावाचा एक यहुदी जवाहिऱ्या सुरतेस हिऱ्यामाणकांचा व्यापार करावा या हेतूने न्यूयॉर्कहून किडच्या जहाजावर चढला होता. सप्टेंबर १६९७ मध्ये जहाज कारवारला लागले तेव्हा त्याने, किडला एक बीव्हरची टोपी नजर करून, कसेबसे किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मिळवली. आणि २० ऑक्टोबर १६९७ रोजी मुंबईस त्याची जबानी घेण्यात आली. ‘केडा मर्चंट’ धरले जाण्यापूर्वी तीन महिन्यांहून अधिक काळ! तेव्हा ना खटला होता, ना माफी होती, ना लॉर्डांचे राजकारण. या माणसाने सांगितले की तांबड्या समुद्राच्या तोंडाशी किड मोख्याहून येणाऱ्या यात्रेकरूंच्या व सौदागरांच्या तांड्याची वाट पाहत टपून बसला होता. पुढे पार्कर नावाच्या इंग्रज कप्तानाचे एक लहान गलबत त्याने धरले, आणि पैसा कोठे आहे हे कबूल करवण्यासाठी त्यावरील लोकांना तलवारीच्या पात्यांनी बडवण्यात आले. तांबड्या समुद्रातील त्या प्रसंगाला ‘सेप्टर’ जहाजावरून तांड्याचे रक्षण करणाऱ्या एडवर्ड बार्लोच्या रोजनिशीचाही दुजोरा आहे. म्हणजे फ्रेंच परवाना हाती पडण्याच्या कितीतरी आधी हा मनुष्य फ्रेंचांच्या नव्हे तर हिंदी व्यापाऱ्यांच्या मागावर होता, हे असे दोघे सांगतात ज्यांना किडच्या फाशीतून काही मिळायचे नव्हते. ब्रॅडिनहॅम खोटारडा असेल. फ्रँक्सला खोटे बोलण्याचे कारण दाखवा.

बचावाच्या बाजूनेही एक साक्षीदार उभा राहिला, त्याचे नाव एडवर्ड डेव्हिस. मादागास्करहून किडबरोबर आलेला हा प्रवासी म्हणाला की, परतीच्या वाटेवर किडने काही कागद वाचायला दिले आणि हे फ्रेंच परवाने आहेत असे सांगितले. मला या साक्षीत काही खोट दिसत नाही. परवाने होते, हे आता सर्वांस मान्य आहे. परंतु ती साक्ष परवान्याच्या अस्तित्वाची आहे, जहाजाच्या मालकीची नाही. आणि एक दुसरीच्या जागी ठेवली की डोळ्यांना मालकी दिसू लागते. जबान्या लिहिताना हा घोटाळा मी शेकडो वेळा पाहिला आहे. साक्षीदार खरे बोलतो, त्याच्या खऱ्या बोलण्यातून वकील भलतेच सिद्ध करतो.

न्यायासनावरील सर एडवर्ड वॉर्ड यांनी ज्यूरीला एक गोष्ट योग्य सांगितली. किडला हे जहाज फ्रेंच वाटत होते तर त्याने ते लुटीच्या न्यायालयापुढे नेऊन रीतसर निवाडा का करून घेतला नाही? त्याच्या सनदेचा आणि त्याच्या मागे द्रव्य लावणाऱ्यांपैकी लॉर्ड बेलोमाँट यांच्याशी झालेल्या कराराचा शिरस्ता तोच होता, की माल न फोडता लूट बोस्टनला आणावी. किडने माल मलबार किनाऱ्यावर विकला आणि उरलेल्याचे वाटे मादागास्करला केले. किडचे कैवारी म्हणतात की खलाशी बंडखोर होते, तो तरी काय करणार? असेल, थोडेफार असेल. युरोपात इंग्रज आणि फ्रेंच यांचा तह सप्टेंबर १६९७ मध्येच झाला होता, तोही मुद्दा मी त्याच्याविरुद्ध वापरत नाही, कारण कोचीनच्या समुद्रात ती वार्ता पोहोचणे कठीण होते. परंतु लुटीच्या न्यायालयाचा मुद्दा केवळ शिरस्त्याचा नाही, आणि येथेच माझा खरा वाद आहे. तशा न्यायालयात पहिली चौकशी कोणाची होते? धरलेल्या जहाजावरील माणसांची. जहाज कोणाचे, माल कोणाचा, भाडे कोणी दिले, हे प्रश्न त्यांनाच विचारले जातात. ज्या एकमेव ठिकाणी सुरतेच्या नाखुद्याला आणि आर्मेनियन सौदागराला शपथेवर तोंड उघडता आले असते, ते ठिकाण किडने टाळले. त्याने माल नेला, आणि त्याबरोबर साक्षही नेली.

आणि लंडनने ती परत दिली नाही. त्या आर्मेनियन सौदागरांतील एकाचे नाव इंग्रज कागदांत कोजी बाबा असे लिहिलेले आढळते. म्हणजे उघडच ख्वाजा बाबा. जहाज धरले गेले तेव्हा ते सोडवण्यासाठी त्याने वीस हजार रुपये देऊ केले होते, आणि किडने ती रक्कम थोडी म्हणून नाकारली. हा मनुष्य इतका प्रवास करून लंडनला गेला. इस्फहानजवळच्या जुल्फा पेठेतील आपल्या बांधवांच्या वतीने त्याने १७०१ साली पार्लमेंटापुढे अर्ज गुदरला. म्हणजे धनी लंडनच्या सभागृहाच्या दारात उभा होता. आणि त्याच सालच्या मे महिन्यात किडवर जे आरोपपत्र वाचले गेले त्यात काय होते? जहाज, त्यावरची अफूची सत्तर खोकी, साखरेची अडीचशे पोती, कच्च्या रेशमाचे वीस गठ्ठे, मलमलीचे दोनशे, आणि शेवटी तीन गठ्ठे ‘रोमेल’. आपला साधा शब्द रुमाल, इंग्रज कारकुनाने जसा ऐकला तसा लिहिलेला. वस्तू अशी मोजून, तोलून, पौंडांत किंमत लावून लिहिली आहे. आणि धनी? ज्यूरीला अज्ञात अशा काही व्यक्ती! रुमालांचे गठ्ठे किती ते ठाऊक, रुमाल कोणाचे ते अज्ञात. ही ओळ मी प्रथम वाचली तेव्हा खरोखर मला ते पुस्तक मिटून ठेवावे लागले.

व्याख्यात्यांनी जाता जाता असेही सुचवले की, हिंदी किंवा फारसी बाजूचा पुरावा दरबारी अतिशयोक्तीने भरलेला असतो, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांवरच भिस्त ठेवावी. त्यांचा रोख खाफी खानावर होता. १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले, त्याची हकीकत या खाफी खानाने लिहिली. तो त्या सुमारास सुरतेस होता, पुढे राहिरीला जाताना मुंबईसही आला आणि इंग्रजांशी समोरासमोर बोलला. मुंबईच्या इंग्रजांचे पोट मुख्यतः जहाजे लुटून भरते, असा त्याचा ग्रह होता, आणि तो अतिशयोक्तच म्हणावा लागेल. मी त्याला पाठीशी घालत नाही. परंतु जहाजावरील यात्रेकरूंचे जे हाल त्याने लिहिले, त्याला पुष्टी कोण देतो? कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर, आपल्याच पत्रात. आणि एव्हरीच्या टोळीतला पोरगा फिलिप मिडल्टन, आपल्या जबानीत. कंपनीच्या कागदांवर भिस्त ठेवायची तर तेथेही हेच सापडते. असे असताना ऑक्टोबर १६९६ मध्ये ओल्ड बेलीत एव्हरीच्या साथीदारांवर ‘गंज-इ-सवाई’च्या लुटीचा खटला चालला, तेव्हा साक्षीला उभे राहिले ते सारे इंग्रज खलाशी, जहाजावरची एकही व्यक्ती नाही. ज्यूरीने सर्वांना निर्दोष ठरवले. मग काही दिवसांत त्याच माणसांवर इंग्रजांचे स्वतःचे ‘चार्ल्स’ जहाज बंड करून पळवल्याचा आरोप ठेवला, आणि त्याबद्दल फाशी झाली. इंग्रज जहाज गेले तेव्हा गुन्हा दिसला, मोगल जहाज गेले तेव्हा दिसला नाही.

परवाना आणि मालकी यांचा भेद इंग्रजांना समजत नव्हता, असेही नाही. पंधरावीस वर्षांनी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याशी कंपनीचा जो झगडा झाला तो याच भेदावर. १७१३ च्या तहाने कंपनीची जहाजे धरू नयेत असे ठरले. पुढे हिंदी सावकारांची गलबते कंपनीच्या निशाणाखाली फिरू लागली. कान्होजींचे म्हणणे असे की, कंपनीचे जहाज वेगळे आणि कंपनीचे निशाण लावलेले सावकाराचे गलबत वेगळे. ज्याचा माल त्याने आमचे दस्तक घ्यावे. निशाणाने धनी बदलत नाही, हे सरखेलांनी स्पष्ट सांगितले, आणि त्याबद्दल इंग्रज ग्रंथकारांनी त्यांना चाचा म्हटले. आणि ज्या किडने कागदाने धनी बदलतो असे म्हणून सुरतेचे जहाज नेले, त्याच्याविषयी मात्र त्याच भाषेत सहानुभूतीची पुस्तके लिहिली जातात. कॅरिबियन समुद्रात, कातालीना बेटाजवळ, २००७ मध्ये ‘केडा मर्चंट’चे अवशेष सापडल्याचे जाहीर झाल्यापासून तर त्यांना अधिकच बहर आला आहे. आपल्या मुलुंडच्या सभागृहात, मराठीत, खाडीपलीकडच्या पाण्यावर ज्यांनी हा भेद जपला त्यांच्या वंशजांपुढे, तोच एकांगी इतिहास पुन्हा सांगितला गेला याचे मला अतिशय दुःख झाले, आणि हा लेख त्या दुःखातून लिहिला आहे.

मी किडचा शत्रू नाही. त्याचा कागद त्याला मिळायला हवा होता. परंतु ज्या खटल्यात त्याचा कागद हरवला, त्याच खटल्यात धन्याचे नाव हरवले. पहिली गोष्ट दप्तरखान्यातून बाहेर निघाली, दुसरीची दखलही कोणी घेत नाही. किडकडून जप्त झालेल्या मालाची लंडनमध्ये विक्री झाली, साडेसहा हजार पौंडांच्या जवळपास रक्कम आली. ती १७०५ साली राणी अॅन हिने ग्रिनिचच्या रुग्णालयास, म्हणजे इंग्लंडच्या वृद्ध आणि अपंग खलाशांच्या आश्रमास, देणगी म्हणून दिली.